जुना लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

सहा-सात वर्षं वापरलेला लॅपटॉप रखडायला लागला की एक सल्ला हमखास मिळतो: प्रोसेसर जुना झालाय, आता नवाच घे. यातला पहिला भाग बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रोसेसर झिजून मंद होत नाही. त्यातले ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, पहिल्या दिवशी ज्या वेगाने उघडझाप करत होते, जवळपास त्याच वेगाने आजही करतात. थकलेलं असतं ते दुसरंच काहीतरी. बॅटरीतलं रसायन उतरलेलं असतं, पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असते, प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असते. आणि ज्या ब्राउझरमध्ये आपला सगळा दिवस जातो, तो लॅपटॉप घेतला तेव्हाच्या मानाने कितीतरी जड झालेला असतो.

त्यामुळे ‘लॅपटॉप जुना झाला’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. मंदपणा म्हणजे खोळंबा. आतला एखादा भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवतो आणि धडधाकट प्रोसेसरसुद्धा त्याची वाट बघत बसतो. तो भाग कोणता हे आधी शोधायचं आणि मगच पैसे काढायचे. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. गरज असते एसएसडीची (म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कची) आणि आपण रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) वाढवून बसतो.

## कोण कोणाची वाट बघतंय?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातलं परफॉर्मन्सचं पान बघा. मात्र लॅपटॉप निवांत असताना बघून उपयोग नाही. तो ऐन रखडत असताना बघा. प्रोसेसर जेमतेम १५-२० टक्के कामात आहे आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटली आहे, असं दिसलं तर खोळंबा डिस्कमुळे आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी पडते आहे. प्रोसेसरच १०० टक्के आहे आणि शेजारी दिसणारा त्याचा वेग मूळ वेगाच्याही खाली घसरलाय, तर बहुधा उष्णतेचा प्रश्न आहे.

इथे एक फसगत होते. रॅम संपली की विंडोज काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तसा परत वर आणतं. ही ने-आण सुरू झाली की डिस्कही १०० टक्के दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं दोष डिस्कचाच. म्हणून आकडे वाचताना मेमरी आधी, डिस्क नंतर. दोन्हीकडे आकडा चढलेला असेल तर कदाचित दोन्ही बदलायला लागतील, आणि जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तसं सर्रास असतं.

वेग घसरण्याचं आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: चार्जर. काही लॅपटॉप जोडलेल्या चार्जरची ओळख पटवून घेतात. पिनमधली बारीक तार तुटली किंवा भलताच चार्जर लावला की ओळख पटत नाही, आणि मग लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम अगदी खाली ठेवतो. असा लॅपटॉप ‘म्हातारा’ ठरवून मोडीत काढण्याआधी दुसरा योग्य चार्जर लावून बघायला काही जात नाही.

## हार्ड डिस्क असेल तर पुढचं वाचायच्या आधी ती बदला

जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर बाकी कुठल्याही बदलाचा विचार त्यानंतर. दुसऱ्या कुठल्याच एका बदलाने एवढा फरक पडत नाही, हे मी बिनदिक्कत लिहितो.

हार्ड डिस्क आतून ग्रामोफोनसारखी असते. तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढेमागे सरकत मजकूर वाचते. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो मजकूर दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो आणि दांडी योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. असे एकूण पंधरा-सोळा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर या हिशेबाने सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हाती येतो.

दुकानदार आणि जाहिराती जो आकडा पुढे करतात, तो मात्र वेगळा असतो. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी, ३५०० एमबी असे वेग छापलेले असतात. ते मोठी फाइल सलग वाचतानाचे. हार्ड डिस्कचा सलग वाचनाचा वेग १०० एमबीच्या आसपास असतो, म्हणजे या मापाने साधी साटा एसएसडी (साटा ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) फक्त पाचपट वेगवान. प्रत्यक्ष वापरात जाणवतो तो फरक विखुरलेल्या वाचनाचा, आणि तो शेकडो पटींचा असतो. म्हणूनच ५५० वाल्या एसएसडीवरून ३५०० वाल्या एसएसडीवर गेलेल्याला फारसं काही जाणवत नाही, आणि हार्ड डिस्कवरून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर गेलेला चकित होतो. जुन्या लॅपटॉपसाठी सर्वात महाग, सर्वात वेगवान एसएसडी घेऊ नका. तिचा वेग त्या लॅपटॉपला पेलणारच नाही.

कोणती बसेल हे मात्र खात्री करून घ्यायचं. अडीच इंची चौकोनी डिस्क असेल तर प्रश्न सोपा: अडीच इंची साटा एसएसडी तिच्या जागी सरळ बसते. या एसएसडी ७ मिलिमीटर जाड असतात. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर उरलेल्या जागेसाठी सोबत प्लॅस्टिकची चौकट मिळते. नाही मिळाली तरी डिस्क स्क्रूने धरली जातेच.

त्यानंतरच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची, पट्टीसारख्या एसएसडीसाठीची खाच असते, आणि खरा गोंधळ तिथे आहे. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान पद्धतीचीही. काही लॅपटॉपची खाच दोन्ही चालवते, काहींची फक्त एक. पट्टीवरचा २२८० हा आकडा म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. २२४२ आणि २२३० या तिच्या आखूड बहिणी. तेव्हा तीन गोष्टी जुळायला हव्यात: लांबी, खाचेचा प्रकार, आणि बायोसला (बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला) एनव्हीएमईवरून सुरू होता येतं का. बऱ्याच जुन्या बायोसना ते येत नाही. अशा लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई बसते, दिसते, पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. आणि अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, झाळलेली असते. ती निघतच नाही. वेगळी खाच मोकळी असेल तरच काही करता येतं.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर उतरवता येतं. क्लोनझिलासारखं मोफत साधन ते करतं. मला मात्र विंडोज नव्याने टाकणं बरं वाटतं. सहा वर्षांत साठलेला कचरा, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम, अर्धवट काढलेली अँटिव्हायरस हे सगळं उचलून नव्या डिस्कवर नेण्यात काय हशील? विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी तो जात नाही. त्याच लॅपटॉपवर तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेटला जोडल्यावर आपोआप चालू होतो.

कुठल्याही बदलाआधी एक गोष्ट न विसरता करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा आणि असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. बायोसमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये बदल जाणवला की विंडोज ती की मागू शकतं. ती नसेल तर डिस्क समोर असूनही आतलं काहीही हाती लागत नाही.

एसएसडी लवकर खराब होते, ही भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे. ५०० जीबीच्या बऱ्यापैकी एसएसडीला ३०० टीबी, म्हणजे तीन लाख जीबी, लिहिण्याची हमी मिळते. रोज ४० जीबी लिहिलं, आणि एवढं घरगुती वापरात कुणी लिहीत नाही, तरी ती हमी संपायला वीस वर्षं लागतात. तोवर बिजागऱ्या तुटलेल्या असतील.

## रॅम: किती, कुठली, आणि मुळात बसेल का

४ जीबीवरून ८ जीबी हा बदल डोळ्यांना दिसतो. ८ वरून १६ हा ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पानं उघडी ठेवणाऱ्याला, फोटो किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याला दिसतो, इतरांना क्वचित. १६ वरून ३२ करण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये १६ कधी भरते का ते बघा. न भरणारी रॅम वाढवून काहीही वेगवान होत नाही.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खाली दोन ओळी असतात, त्या फार कामाच्या आहेत. ‘स्लॉट्स यूज्ड’ म्हणजे किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम मदरबोर्डवर झाळलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये अर्धी झाळलेली आणि अर्धी खाचेत असते. तिथे निदान एक पट्टी वाढवता येते.

पट्टी कुठल्या पिढीची, हे ठरलेलं असतं. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी कापलेली. त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. जोर लावू नका एवढंच. फसतं ते डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्ही दिसायला सारख्या आणि एकाच खाचेत बसतात, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि ‘एल’ असलेली १.३५ वर. ‘एल’वाली पट्टी दोन्हीकडे चालते. साधी पट्टी १.३५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये घातली तर तो सुरू होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपना ‘एल’च लागते. सरळ ‘एल’च घ्यावी.

दोन खाचा असतील तर एक मोठी पट्टी घालण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या घालणं चांगलं. मग प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र रंगवायलाही हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे तिथे हा फरक अधिक जाणवतो. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. बिघडत काही नाही.

झाळलेली रॅम ही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ग्राहकाच्या माथी मारलेली सर्वात वाईट सवय आहे, असं माझं मत आहे. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये ती होती, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये आली आणि पुढे पातळ लॅपटॉपमध्ये सगळीकडे पसरली. त्यामागे नुसता लबाडपणा नाही, हेही खरं. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते आणि लांबच्या खाचेतून ती तेवढ्या वेगाने चालत नाही. त्यावरचा उपाय म्हणून कॅम२ नावाची, स्क्रूने बसणारी चपटी पट्टी डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित झाली. पण आज जुना झालेला लॅपटॉप आपल्या हातात आहे, त्याला तिचा उपयोग नाही. ४ जीबी झाळलेली आणि खाच नाही, असा लॅपटॉप असेल तर रॅमवर वेळ न घालवता पुढे जा. हलक्या ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग त्याच्याचसाठी आहे.

## पंख्याचा आवाज, तळाचा चटका

प्रोसेसरला साधारण १०० अंश सेल्सियसची मर्यादा असते. तिच्या जवळ गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली पाच मिनिटं झकास आणि मग रखडपट्टी, असं होत असेल तर रॅम-एसएसडी विसरून आधी झाकण उघडा. पंख्यातून बाहेर पडणारी हवा तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांच्या जाळीतून जाते. त्या जाळीच्या आतल्या बाजूला धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकून तो निघत नाही, उलट आतच दाबला जातो. पंखा सोडवून तो थर चिमट्याने उचलावा लागतो. दाबाच्या हवेने साफ करत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांत कडक होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावायची. शेजारच्या चिपांवर रबरासारखे पॅड असतील तर त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. त्याच जाडीचे पॅडच लागतात, कारण तिथली फट पेस्टने भरून निघत नाही. पेस्टऐवजी लिक्विड मेटल नावाचा प्रकार उत्साही लोक वापरतात. त्यात गॅलियम असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि वीज वाहून नेतं. एक थेंब ओघळला की मदरबोर्ड गेला. पहिल्यांदाच झाकण उघडणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

झाकण उघडताना दोनच गोष्टींनी बहुतेक नुकसान होतं. एक, बॅटरी न काढता काम करणं. बटणाने बंद केलेल्या लॅपटॉपमध्येही बोर्डाच्या काही भागांत वीज असते, म्हणून चार्जर काढल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. दोन, स्क्रूंची अदलाबदल. एकाच झाकणाला तीन वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला की तो बोर्डात घुसतो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला की पुढचा त्रास वाचतो. बऱ्याच कंपन्या आपल्या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवतात. तिच्यात कोणता भाग कोणत्या क्रमाने सुटतो हे चित्रांसह असतं. व्हिडिओपेक्षा मी तिच्यावर अधिक विश्वास ठेवीन, कारण व्हिडिओतलं मॉडेल थोडंसं वेगळं निघतं.

## बॅटरी

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा बॅटरीरिपोर्ट या पर्यायासह (powercfg /batteryreport) चालवली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. लॅपटॉपच्या नेहमीच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर (एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक चक्र) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात. काही १००० चक्रांसाठी बनवलेल्या असतात. निम्म्यावर आली असेल तर बदलायची वेळ झाली.

बदली बॅटरी लॅपटॉपच्या मॉडेलवरून नाही, तर जुन्या बॅटरीवर छापलेल्या पार्ट नंबरवरून शोधा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. त्याच आकारात मूळच्या दीडपट क्षमतेचा दावा करणारी बॅटरी दिसली तर तो दावा खोटा समजा. नवी लावल्यावर, लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असते. ती चालू करा. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत पडून राहणं सर्वात जास्त बाधतं.

टचपॅड वर उचलला गेलाय, बटण दबत नाही, खालचं झाकण फुगलंय, अशी चिन्हं दिसली तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा बाकीचे सगळे बेत बाजूला. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी टोचू-दाबू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी, काही अपवाद वगळता. पुढच्या लॅपटॉपांच्या बाबतीत ही डोकेदुखी थोडी कमी होईल.

## जे बदलता येत नाही

प्रोसेसर. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपमध्ये तो सॉकेटमध्ये असायचा आणि बदलता यायचा. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावर झाळलेलेच येतात. ग्राफिक्स चिपचंही तेच. थंडरबोल्ट ३ हा वेगवान जोड असेल तर बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येतं खरं, पण खोकं, कार्ड आणि वीजपुरवठा यांचा खर्च धरला तर जुन्या लॅपटॉपसाठी तो खटाटोप मला कधीच पटलेला नाही.

## सॉफ्टवेअरची मुदत

यंत्र धडधाकट असूनही लॅपटॉप मोडीत काढायला लावणारं आजचं सर्वात मोठं कारण हार्डवेअरमध्ये नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ चा उत्तम लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी असूनही, अधिकृतपणे बाहेर. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अद्यतनांची एका वर्षाची सोय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, जाहीर केली. ती म्हणजे फक्त पुढची तारीख. अट चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्याही आहेत. पण अशा लॅपटॉपला पुढची अद्यतनं मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपवर मी ते करणार नाही.

मग राहतं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, कागदपत्रं आणि व्हिडिओ बघणं एवढंच आहे, त्यांना लिनक्स मिंट फारसं परकं वाटत नाही. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. निव्वळ ब्राउझर पुरत असेल तर गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स आहे. दोन्ही मोफत, आणि दोन्ही यूएसबीवरून, आतल्या डिस्कला हात न लावता, चालवून बघता येतात. बघताना चार गोष्टी तपासा: वाय-फाय जोडतो का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर झोपून परत उठतो का, आणि प्रिंटर ओळखतो का. चारही जमलं तर पुढे खुशाल जा. एखादं सरकारी किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर मात्र ते आधी बघा. हा अडसर युक्तीने टळत नाही.

विंडोज ३२-बिट असेल तर तेही लक्षात घ्या. ८ जीबी रॅम घातली तरी ते साडेतीन जीबीच्या आसपासच वापरतं. ६४-बिट आवृत्ती टाकल्याशिवाय वाढवलेली रॅम नुसती बसून राहते.

## हौस

इथवर गरजेचं झालं. पुढचं थोडं हौसेचं, पण हौसेतूनही लॅपटॉपचं आयुष्य वाढतं. १३६६ बाय ७६८ चा फिकट, बाजूने बघितलं की रंग उलटे दिसणारा पडदा काढून १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा (तिरपं बघितलं तरी रंग नीट दिसणारा) घालता येतो. डोळ्यांना मिळणारा आराम एसएसडीच्या खालोखाल जाणवतो. पडद्यामागचा जोड ३० पिनांचा आहे की ४० चा, हे मात्र बघूनच मागवा. वाय-फायचं कार्डही बहुधा सुटं असतं. काही कंपन्यांच्या जुन्या बायोसमध्ये मात्र ठरावीक कार्डांचीच यादी असते आणि दुसरं कार्ड घातलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. घड्याळ सारखं मागे पडत असेल तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदला, बाकी काही नाही.

लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपच्या वेडाने झपाटलेली मंडळी हे सगळं फार पुढे नेतात. २०११ च्या एक्स२२० चा कीबोर्ड त्यांना इतका प्रिय की तो २०१२ च्या एक्स२३० मध्ये बसवतात, आणि त्यासाठी कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअरही बदलतात. चीनमधल्या ५१एनबी या हौशी गटाने तर एक्स२०० च्या जुन्या सांगाड्यात बसेल असा नव्या प्रोसेसरचा मदरबोर्डच बनवला. २०१८ चा टी४८० या मंडळींचा लाडका, कारण त्यात रॅम सुटी, डिस्क सुटी, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी, आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ च्या चाळणीतूनही तो निसटतो. जुना लॅपटॉप विकत घेऊन सुधारायचा असेल तर अशी मॉडेलं बघावीत. २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी हेच सूत्र धरून लॅपटॉप बनवते: २०२१ च्या तिच्या सांगाड्यात नंतरच्या पिढ्यांचे मदरबोर्ड बसतात.

कुठे थांबायचं? मदरबोर्ड गेला असेल, किंवा बिजागरीसह सांगाडाच फुटला असेल, तर थांबा. रॅम आणि साठवण दोन्ही झाळलेली आणि दोन्ही अपुरी असतील, तर तोही लॅपटॉप लिनक्सवर जेवढा चालेल तेवढाच. एसएसडी, रॅम आणि बॅटरी तिन्ही एकदम लागत असतील तर आधी एसएसडी घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीचं ठरवा. एसएसडी नंतर दुसऱ्या लॅपटॉपमध्येही चालते, त्यामुळे तिचा खर्च वाया जात नाही. रॅम आणि बॅटरीचं सहसा तसं होत नाही.

काढलेली हार्ड डिस्क ठीक असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरता येते. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तिची तब्येत बघा. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’चा (खराब झाल्याने डिस्कने सोडून दिलेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तर तिच्यावर काही ठेवू नका. ती कुणाला देणार असाल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही. सगळी डिस्क एकदा शून्यांनी भरून काढा. एसएसडीला हा उपाय लागू पडत नाही, कारण ती लिहिताना जागा फिरवत राहते आणि काही जुने तुकडे तसेच मागे राहतात. तिच्यासाठी बायोसमधला किंवा कंपनीच्या साधनातला सिक्युअर इरेज हा पर्याय वापरायचा. आणि जी हार्ड डिस्क सुरूच होत नाही, ती सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. ती फोडावी लागते. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, तेव्हा हातोडी घ्यायच्या आधी ती जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा चढवा.